मूठ कोणाची मिटली?

डॉ. इंदुमती नाखवा यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागण्यात आला, तेव्हा मी संपादकांना एक अट घातली. गेल्या गुढीपाडव्याला रुग्णांच्या एका मंडळाने स्मरणिका काढली होती. तिच्यातील एका मजकुराची दुरुस्ती मला आधी करू द्यावी, गौरव त्यानंतर. संपादकांनी ही अट मान्य केली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

तो मजकूर एका तरुण डॉक्टरांचा आहे. प्रसंगाच्या वेळी ते उपस्थित नव्हते. ते लिहितात : “यंत्रात निजलेल्या त्या वृद्ध शिक्षकांचा निर्जीव उजवा हात, ध्वनिफितीतला आवाज थांबताच, आपोआप मिटला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी देह ठेवला. ती फीत त्यानंतर कोणी लावली नाही.”

ते शिक्षक म्हणजे माझे धाकटे बंधू बापू. ते वृद्ध नव्हते. निवृत्तीला त्यांची काही वर्षे उरली होती. त्यांचा हात मिटला नाही. त्या तपासणीनंतर ते कित्येक महिने जगले. फितीचे म्हणाल, तर तिच्याविषयी शेवटी लिहीन. मात्र एक गोष्ट खरी आहे. त्या यंत्रात, आवाज थांबला असताना, एक मूठ मिटली होती. ती कोणाची, हे मी योग्य ठिकाणी सांगणार आहे.

डॉ. नाखवा यांचा आणि आमचा परिचय १९९५ साली झाला. मी डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी व संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो. बापू त्याच शाळेत व्यायामशिक्षक होते. गळ्यात शिट्टी आणि आवाज असा, की मैदानावर त्यांनी ‘सावधान’ म्हटले की समोरच्या इमारतीतल्या गृहिणीही क्षणभर ताठ होत. त्या वर्षी गणेशोत्सवाच्या मिरवणुकीसाठी लेझीम बसवताना बापूंच्या उजव्या हातातून लेझीम निसटली. मुलांना वाटले, सरांनी मुद्दाम टाकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निसटली, आणि मग रोजच निसटू लागली.

ठाण्याला डॉ. नाखवा यांच्या तपासणीच्या खोलीत आम्ही दोघे गेलो. डॉक्टरबाईंनी बापूंचा हात, दंड, जीभ, पाय, सारे शांतपणे पाहिले. दंडाच्या कातडीखाली मांस थरथरत होते. पाण्याखालून काहीतरी सरकत जावे, तसे. बापू स्वतः त्याकडे परक्या वस्तूकडे पाहावे तसे पाहत होते. मग ते एकदम बोलू लागले.

“डॉक्टर, तीस वर्षं मी पोरांना एकच सांगत आलो. पोरगं म्हणायचं, ‘सर, हात वर जात नाही.’ मी म्हणायचो, ‘हात जातो रे, तुझं मन जात नाही!’ आता माझाच हात जात नाही. मला एवढंच सांगा. माझा हुकूम सुटत नाहीये, की हात ऐकत नाहीये?”

“बापू, हा काय प्रश्न झाला?” मी म्हणालो.

“तू गप रे दादा. मला ह्यांच्याकडून ऐकायचंय.”

डॉक्टरबाईंनी बापूंचा हात अलगद खाली ठेवला. “आजार कोणता, ते मी सांगू शकते,” त्या म्हणाल्या. “मेंदूकडून स्नायूंकडे हालचालीचा निरोप नेणाऱ्या पेशी झिजत चालल्या आहेत. ह्याला आज औषध नाही, हेही सांगते. पण तुम्ही जे विचारलंत, ते मला ठाऊक नाही. पाहावं लागेल.”

डॉक्टरांच्या तोंडून ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द मी प्रथमच ऐकत होतो. खाली आल्यावर बापू म्हणाले, “बाई खरं बोलते. हिच्याकडेच यायचं.”

डॉक्टरबाईंच्या कार्याचे स्वरूप येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. हालचाल नेमकी मेंदूच्या कोणत्या भागातून निघते आणि या आजारात त्या भागाचे काय होते, हे जिवंत माणसाचे डोके न उघडता पाहण्याची सोय तेव्हा नुकतीच होऊ लागली होती. एका प्रचंड चुंबकाच्या बोगद्यात रुग्णाला निजवितात. मेंदूचा जो भाग काम करतो, तेथील रक्तप्रवाह बदलतो आणि तो बदल चित्रात उमटतो. असे यंत्र वागळे इस्टेटमध्ये एका खाजगी केंद्रात होते. आठवडाभर ते पैसे देणाऱ्या रुग्णांसाठी चाले. रविवारी सकाळी ते डॉ. नाखवा यांना अभ्यासासाठी मिळत असे. त्यांनी ते कोणत्या शब्दांत मागितले, किती वेळा नकार ऐकला, हे त्या कधीही सांगत नाहीत.

रविवारी वागळे इस्टेट पाहिलेल्यांनाच तेथील शांततेची कल्पना येईल. कारखाने बंद, फाटकांना कुलपे, रस्त्यावर कुत्रेही नाही. त्या निर्मनुष्य वसाहतीत एकाच इमारतीतून ठोके ऐकू येत. आतून कोणीतरी दार ठोठावीत असावे, असे ते वाटत. तो त्या यंत्राचा आवाज.

बापू पहिल्यांदा आत गेले ते १९९६ च्या हिवाळ्यात. यंत्र चालविणारे प्रकाश हे डोंबिवलीशेजारच्या कोपरचे तरुण गृहस्थ. लोखंडाची वस्तू आत नेता येत नाही, म्हणून त्यांनी बापूंना शिट्टी उतरवायला लावली. बापूंनी ती माझ्या हाती अशी दिली, की जणू कोणी त्यांचे जानवे काढून घेतले. हाताची बोटे तेव्हा अर्धीमुर्धी मिटत होती. डोके स्पंजमध्ये घट्ट बसविले. कानांत प्लास्टिकच्या नळ्या घातल्या, कारण साधा ध्वनिक्षेपक तेथे चालत नाही. बाहेरच्या खोलीतला आवाज त्या नळ्यांतून वाहत आत जातो आणि विहिरीतून आल्यासारखा ऐकू येतो. प्रकाशरावांनी बाहेरून सांगायला सुरुवात केली : “हां काका, आता फिंगर हलवा. हलवत राहा, हलवत राहा… आता बस. नाय नाय, डोकं नाय हलवायचं!”

चित्रे वाया गेली. बाहेर येताच बापू उसळले.

“अहो, हा काय हुकूम झाला? ‘हलवत राहा, हलवत राहा’! ही काय शाळा आहे की बाजार?”

“सर, मग कसं बोलायचं? तुम्हीच बोला ना,” प्रकाशराव म्हणाले.

“बोलतो! हुकमाचे दोन तुकडे असतात. पहिला तयारीचा. ‘उजवी मूठ’… मग थांबायचं. नीट थांबायचं. त्या थांबण्यात सगळं अंग जागं होतं. मग दुसरा : ‘मिट!’ पहिल्या तुकड्यावर जो हलला, तो कच्चा. दुसऱ्यावर जो हलला नाही, तो झोपलेला.”

प्रकाशराव हसले, डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांचे बालपण ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात गेलेले आहे. “आमच्याकडे होडी पाण्यात लोटताना असंच करतात,” त्या म्हणाल्या. “आधी एकाची साद. मग कोणी बोलत नाही. तेवढ्यात सगळ्यांचे खांदे ताठ होतात. मग जोर. बापूसाहेब, हे तुमच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून द्याल?”

अशा रीतीने ती फीत जन्मली. पुढच्याच रविवारी बाहेरच्या खोलीत बापू ताठ बसले आणि टेपरेकॉर्डर सुरू झाला. मी एक हरकत घेतली. वयोवृद्ध रुग्णांना ‘मिट’ असे एकेरी कसे म्हणावयाचे? ‘मिटा’ हवे. “दादा, हुकमाला अहोजाहो नसतं,” बापू म्हणाले. डॉक्टरबाईंनी बापूंच्या बाजूने निर्णय दिला.

“उजवी मूठ…” शांतता. “मिट!” पुन्हा शांतता. “सोड!” फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत बापूंनी “उजवी मूठ…” म्हटले, आणि पुढचा शब्द आला नाही. त्यांचे तोंड उघडे होते, जीभ हलत होती. आम्ही तिघे पाहत होतो. फीत फिरत राहिली. तिच्यावर केवळ त्यांचा श्वास उमटला. जीभ जाण्याची ती पहिली खूण होती. क्षणभराने शब्द परत आला, पण तो ‘मिट’ नव्हता. “राहू द्या,” बापू म्हणाले. “पुढच्या खेपेला पुरा करीन.”

पुढच्या खेपेस त्यांचे बोलणे घशात अडकू लागले होते, आणि तो आवाज पुन्हा मिळणार नव्हता. दुसऱ्या कोणी ती फेरी पुसून टाकली असती. डॉ. नाखवा यांनी बापूंना विचारले आणि ती तशीच ठेवली. पुढे प्रत्येक रुग्णाला त्या आधीच सांगत : “शब्द आला तरच मूठ मिटायची. मनातसुद्धा त्याआधी नाही.” ज्या फेरीत शब्द येत नाही, तीसुद्धा त्यांच्या अभ्यासाला उपयोगी पडली. तयारी आणि कृती यांतला फरक पाहण्यासाठी अशी रिकामी फेरी हवीच असते, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या कार्यपद्धतीचे हे एकच उदाहरण पुरेसे आहे. वाया गेलेले काहीही त्या फेकून देत नाहीत, आणि त्याला नसलेले मोलही देत नाहीत.

१९९७ संपेपर्यंत बापूंचे दोन्ही हात गेले, वाणी गेली. उरले ते डोळे. मी वर्णमाला म्हणत असे. हव्या त्या अक्षरावर ते डोळे मिटत. माझी भावजय सुमन बिचारी या पद्धतीने थकून जाई. “भावजी, त्यांना विचारा, पेज पातळ करू का,” ती म्हणे, आणि मी ‘क, ख, ग’ सुरू करी. एका दुपारी बापूंनी मला दीर्घ वेळ बसविले. जोडलेली अक्षरे अशी : हुकूम, आणि मग यंत्र. मग प्रश्नार्थक पाहणे.

मी डॉक्टरबाईंना कळविले. त्या घरी आल्या. बापूंना पुन्हा यंत्रात जायचे आहे, हे त्यांना सांगितले, तेव्हा त्या स्पष्टपणे नको म्हणाल्या. आता बापूंना उताणे निजले की श्वास पुरत नव्हता. तेव्हा बापूंनी माझ्याकडे पाहून अक्षरे मागितली. उत्तर आले : माझा प्रश्न.

डॉक्टरबाईंनी बापूंच्या छातीवर हात ठेवून त्यांचे श्वास मोजले. “बरं,” त्या म्हणाल्या. “थोडाच वेळ. आणि मी आत उभी राहीन.”

याचा अर्थ समजून घ्यावा. यंत्रातल्या रुग्णाच्या हाती एक रबरी चेंडू देतात. घाबरला तर त्याने तो दाबायचा असतो. बापूंना तो दाबता येणार नव्हता. म्हणून डॉ. नाखवा कानांत कापसाचे बोळे घालून त्या ठोठावणाऱ्या चुंबकापाशी स्वतः उभ्या राहिल्या. एक हात बापूंच्या पावलावर आणि दृष्टी बोगद्यातल्या आरशावर, जेथे बापूंचे डोळे दिसत होते. बापूंनी दीर्घ काळ डोळे मिटले की तपासणी थांबवायची, असे ठरले होते. १९९८ च्या होळीनंतरचा तो रविवार होता. मी काचेपलीकडे होतो. प्रकाशरावांनी फीत लावली, आणि ज्या माणसाला कित्येक महिने एक शब्द उच्चारता आला नव्हता, त्याचा खणखणीत आवाज खोलीत घुमला : “उजवी मूठ…”

आत बापू स्वतःचा हुकूम ऐकत होते. “मिट!” हात चादरीवर पडून होता. “सोड!” हात तसाच. मी तो हात शेवटच्या फेरीपर्यंत पाहिला. हात हलला नाही. स्मरणिकाकारांनी याची नोंद घ्यावी.

काही दिवसांनी डॉक्टरबाई चित्रे घेऊन डोंबिवलीस आल्या. त्यांच्या मातोश्रींनी डब्यात तांदळाच्या भाकऱ्या दिल्या होत्या, सुमनला त्या दिवशी चूल पेटवावी लागू नये म्हणून. त्यांनी खिडकीच्या उजेडात फिल्म धरली आणि बापूंना दिसेल अशी जवळ नेली.

“बापूसाहेब, हा हाताचा भाग. ‘मिट’ म्हटलं की हा उजळतो. दर वेळी. निरोगी माणसापेक्षा फिका आहे आणि शेजारी पसरलाय, म्हणजे झीज वरही आहे; मी लपवणार नाही. पण हुकूम सुटतोय. तो वाटेत संपतोय.”

बापूंचे डोळे त्यांच्यावरून हलेनात. मग डॉक्टरबाईंनी दुसरे चित्र उचलले.

“ही शेवटची फेरी. इथं शब्द नाही. तरीही उजळलंय. तुमची फीत जिथं थांबली, तिथं तुम्ही हुकूम पुरा केलात.” आणि लगेच : “यात चमत्कार नाही. मी स्वतः यंत्रात निजले, प्रकाशलाही निजवलं. क्रम ओळखीचा झाला की आमच्याही मेंदूत थोडंफार असंच होतं. आणि एका माणसाच्या चित्रावरून मी कुठेही काही सिद्ध झालं म्हणून लिहिणार नाही. पण तुम्ही मला विचारलं होतंत. त्याचं उत्तर हे आहे.”

बापू हसू लागले. ते हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी, घशातून आवाज. या आजारात माणूस कारणावाचून हसतो, कारणावाचून रडतो. मी डॉक्टरबाईंकडे पाहिले. “आजाराचं असेल, त्यांचं स्वतःचंही असेल,” त्या म्हणाल्या. “मला फरक सांगता येत नाही.” सुमनने मात्र पदराने बापूंचे तोंड पुसले आणि म्हणाली, “मला येतो.”

श्रावणात बापू गेले.

त्यानंतर फीत बंद करावी का, हे विचारण्यासाठी डॉक्टरबाई आमच्या घरी आल्या. निर्णय सुमनचा होता. ती म्हणाली, “पोरांना हुकूम द्यायला त्यांना कधी कंटाळा आला नाही. चालू दे.” दिवाळीनंतर टिटवाळ्याहून एक रुग्ण आले, वय चाळिशीचे. बोगद्यातून बाहेर काढल्यावर ते प्रकाशरावांचा हात धरून विचारू लागले, “सर इथं कधी आले? मला आत दिसले का नाहीत?” ते बापूंचे विद्यार्थी होते. बापूंच्या निधनाची वार्ता त्यांना ठाऊक नव्हती. डॉक्टरबाईंनी त्यांच्याजवळ बसून ती त्यांना सांगितली. यंत्राविषयीच्या कुजबुजीस तेथून सुरुवात झाली. त्या कुजबुजीला डॉक्टरबाईंनी कधी खतपाणी घातले नाही, आणि रुग्णांवर कधी त्या हसल्याही नाहीत.

रुग्णांच्या चित्रांशी तुलना करण्यास तशाच वयाची निरोगी माणसे लागतात. १९९९ च्या संक्रांतीनंतर मी माझे नाव दिले. डॉक्टरबाईंनी मला दोनदा विचारले, “गुरुजी, फीत तीच आहे. चालेल?” मी म्हणालो, चालेल.

बोगद्यात नाकापुढे वीतभर जागा असते. चुंबक ठोके देऊ लागला. मग नळ्यांतून, खालून, दुरून, माझा भाऊ बोलला. मी सूचना शब्दशः पाळल्या. शब्दांच्या बाबतीत मी आयुष्यात कधी हयगय केलेली नाही. शेवटची फेरी मला ठाऊक होती. तिच्यात शब्द नाही, हे त्या खोलीत मी समक्ष पाहिले होते. “उजवी मूठ…” बापू म्हणाले. मग त्यांचा श्वास. मग “मिट!”

मी मूठ मिटली.

काचेपलीकडून प्रकाशरावांनी ती पाहिली, आणि तीच पुढे तोंडातोंडी बापूंची झाली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “शब्द आला. मी स्वच्छ ऐकला.” प्रकाशरावांनी फीत मागे नेऊन मोठ्याने लावली. श्वास होता, शब्द नव्हता. पुन्हा लावली. नव्हता.

“तुम्हाला ऐकू आला असेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ऐकणंही मेंदूतच होतं. पण ही फेरी मला गाळावी लागेल.”

“तो आवाज बापूंचा होता की माझ्या मनाचा?” मी विचारले.

“मला ठाऊक नाही, गुरुजी,” त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी बापूंना ज्या स्वरात म्हणाल्या होत्या, त्याच स्वरात. माझी फेरी त्यांनी खरोखरच गाळली. त्यांच्याविषयीचा माझा आदर त्या दिवशी पूर्ण झाला.

अशा विदुषींना आज साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो. दृष्टी, हात आणि वाणी अखेरपर्यंत त्यांच्या आज्ञेत राहोत. रविवारच्या सकाळी त्यांना यंत्र मिळत राहो. आणि आजचे ‘ठाऊक नाही’ ज्या दिवशी ‘ठाऊक आहे’ होईल, त्या दिवशी ते त्यांच्याच तोंडून ऐकण्याचे भाग्य सर्व रुग्णांना मिळो.

स्मरणिकेतील तारखांची दुरुस्ती पुढीलप्रमाणे :

आजाराचा आरंभ. स्मरणिकेत १९९६. योग्य : १९९५, गणेशोत्सवापूर्वी.

ध्वनिमुद्रण. स्मरणिकेत ‘निधनापूर्वी अल्पकाळ’. योग्य : १९९६ चा हिवाळा. बापूंचा आवाज तेव्हा शाबूत होता, एक शब्द वगळता.

बापूंची दुसरी तपासणी. स्मरणिकेत श्रावण १९९८. योग्य : त्याच वर्षी होळीनंतर. हात हलला नाही.

बापूंचे निधन. स्मरणिकेत ‘दुसऱ्याच दिवशी’. योग्य : श्रावण १९९८, डोंबिवलीत, राहत्या घरी. प्रश्नाचे उत्तर मिळाल्यानंतर.

मूठ मिटली तो दिवस. योग्य : १९९९, संक्रांतीनंतरचा रविवार. मूठ माझी.

ध्वनिफितीचा अखेरचा वापर. स्मरणिकेत ‘निधनानंतर नाही’. हे सर्वस्वी चूक आहे. तारीख द्यावयाचीच असेल, तर येत्या रविवारची द्यावी, आणि दर सोमवारी ती दुरुस्त करावी.